मार्कशीटवर आहे, हाताला कुठंय?

प्रश्न : ताई, मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा दिली. वडील यंत्रमागावर कामाला, आई विड्या करते. घरी तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची. ओपन इलेक्टिव्हला ‘पर्यावरण आणि समाज’ घेतलं होतं, कारण त्याच्या नोट्स सहज मिळतात असं सगळे म्हणाले. ५० पैकी ४१ पडले. स्किल कोर्सलाही चांगले मार्क आहेत. सुट्टीत अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलवाल्यांच्या ऑफिसात काम मागायला गेले. त्यांनी कॉम्प्युटरसमोर बसवलं, बिलांची यादी दिली आणि म्हणाले, ‘कुठल्या पार्टीकडे ४५ दिवसांच्या वर किती येणं आहे ते काढ आणि मला मेल कर.’ मला काहीच जमलं नाही. मालक चांगले होते, म्हणाले, ‘शिकून या, मग बघू.’ घरी येऊन खूप रडले. आता एक क्लासवाला ३८ हजारांत सहा महिन्यांत एक्सेल, टॅली, डिजिटल मार्केटिंग, एआय सगळं शिकवतो म्हणतो. भाऊ म्हणतो, पहिल्या वर्षानंतर सोडलं तरी सर्टिफिकेट मिळतं, कॉलेज सोड आणि पुण्याला ये. नुसत्या नोट्सच लिहून घ्यायच्या असतील तर अजून दोन वर्षं तिथं कशाला घालवू?
— सोलापूरच्या अशोक चौकातली एक विद्यार्थिनी

उत्तर : अगं, कॉलेज सोडू नकोस. आणि ३८ हजारही आत्ता भरू नकोस.

भावाचं म्हणणं आधी घेते. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडता येतं हे खरं आहे, पण निम्मंच. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात पहिल्या वर्षाचे किमान ४० क्रेडिट (क्रेडिट म्हणजे तासांवर मोजलेलं अभ्यासाचं माप) झाले म्हणून लगेच सर्टिफिकेट हातात पडत नाही. त्यावर आणखी ४ क्रेडिटचा कौशल्य कोर्स किंवा इंटर्नशिप पूर्ण करावी लागते. परत यायचं तर ३ वर्षांच्या आत, आणि पदवी एकूण ७ वर्षांच्या आत पुरी करायची. घरावर एखादं संकट आलं, शिक्षण थांबवावंच लागलं, अशांसाठी ही वाट ठेवलेली आहे. तुझ्यावर तशी वेळ आलेली नाही. बँकेची परीक्षा असो की राज्यसेवेची, अर्जात पदवीच मागतात. एका वर्षाचं सर्टिफिकेट तिथं चालत नाही.

आता तुझा खरा प्रश्न. मार्कशीटवर ‘स्किल’ लिहिलेलं आहे, मग हाताला का नाही?

स्किल कोर्सचे २ क्रेडिट म्हणजे किती तास, हे तुला कुणी सांगितलंय का? थिअरी असेल तर ३० तास, प्रात्यक्षिक असेल तर ६० तास. ६० तास म्हणजे आठवड्याला ४ तास धरले तर १५ आठवडे. एवढ्या वेळात माणूस एक्सेल बऱ्यापैकी शिकतो. पण बऱ्याच ठिकाणी घडतं ते असं : कुठले इलेक्टिव्ह ठेवायचे हे कुठल्या विभागाच्या शिक्षकांचा कार्यभार कमी पडतोय यावर ठरतं, वर्गात शंभर-सव्वाशे मुलं, लॅबमध्ये चालू कॉम्प्युटर वीस. मग प्रात्यक्षिकाचे तास फळ्यावर ‘एक्सेलचे उपयोग’ लिहून भरतात. परीक्षेत ‘स्प्रेडशीट म्हणजे काय?’ असा प्रश्न येतो, तो पाठांतराने सुटतो, आणि चांगले मार्क पडतात. यात तुझी चूक नाही, आणि एकट्या शिकवणाऱ्याचीही नाही. पण नुकसान तुझं होतंय, म्हणून हात-पायही तुलाच हलवावे लागतील.

एक गैरसमज मात्र आत्ताच काढून टाक. ‘पर्यावरण आणि समाज’ हा विषय निरुपयोगी नव्हता. ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचंच घ्यायचं हा नियम आहे, आणि तो चांगला आहे. कॉमर्सच्या मुलीने चार वेगळ्या गोष्टी वाचाव्यात, एखाद्या दाव्यामागचा पुरावा तपासावा, पानभर स्वतःचं लिहावं, यासाठीच तो केलाय. त्या विषयात तुला एकच काम दिलं असतं तर? सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. तुझ्या गल्लीतल्या २० घरांची महिनाभर नोंद : पाणी कुठल्या तारखेला आलं, किती वाजता, किती तास टिकलं, घरात किती लिटर साठवलं, टँकर घेतला का. त्या नोंदींचा एक तक्ता, दोन आलेख, दोन पानं मजकूर. एवढं केलं असतंस तर मालकांनी दिलेलं काम तुला ओळखीचं वाटलं असतं, कारण त्यातही तारखांचा एक कॉलम आणि त्यावरून काढायचे दिवसच होते. विषय ठीक होता. त्यात हाताने करायचं काही ठेवलं नव्हतं.

म्हणून पुढच्या सेमिस्टरचं इलेक्टिव्ह निवडताना नोट्स मिळतात का हे विचारू नकोस. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून त्या कोर्सचा अभ्यासक्रम उतरवून घे आणि शेवटचं पान आधी वाच; तिथं मूल्यमापन दिलेलं असतं. अंतर्गत गुण कशाचे आहेत? चाचणीचे असतील तर पुन्हा पाठांतरच. प्रकल्प, क्षेत्रभेट, सादरीकरण, अहवाल असं काही असेल तर तो विषय घे, नाव कितीही कोरडं वाटलं तरी. मग वरच्या वर्गातल्या एखाद्या मुलीला विचार, ‘अहवाल प्रत्येकीने वेगळा केला की एकाचा सगळ्यांनी उतरवला?’ विज्ञान शाखेचं सांख्यिकीचं किंवा डेटा हाताळण्याचं इलेक्टिव्ह तुझ्या कॉलेजात असेल तर तुझ्यासाठी ते पहिल्या पसंतीचं. गणिताला घाबरू नकोस, अशा कोर्समध्ये सरासरी, टक्केवारी आणि आलेखांपासूनच सुरुवात होते.

आणि आता ते ४५ दिवसांचं काम. ते इथंच शिकून घेऊ.

४५ दिवस कुठून आले हे आधी समजून घे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला की लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. सोलापूरचे बहुतेक टॉवेल-चादरवाले या गटात मोडतात. म्हणून ‘४५ च्या वर किती?’ हा त्यांच्या ऑफिसातला रोजचा प्रश्न आहे.

तक्त्यात पाच कॉलम घे : पार्टीचं नाव, बिल क्रमांक, बिलाची तारीख, रक्कम, जमा झालेली रक्कम. सहाव्यात येणं बाकी, म्हणजे रकमेतून जमा वजा. सातव्यात दिवस, म्हणजे आजची तारीख देणाऱ्या ‘टुडे’ फंक्शनमधून बिलाची तारीख वजा. आठव्यात ‘इफ’ लावून गट : १५ पर्यंत, १६ ते ४५, ४५ च्या वर. शेवटी पिव्होट टेबल, म्हणजे यादीची गटवार बेरीज करून देणारा तक्ता : ओळींत पार्टी, कॉलममध्ये गट, आत बाकीची बेरीज. सवय झाली की वीस मिनिटांचं काम.

चुका कुठं होतात ते मात्र नीट लक्षात ठेव, कारण क्लासमध्ये तयार फाइलवर शिकवतात आणि ऑफिसात फाइल तयार नसते.

सगळ्यात मोठा घोळ तारखेचा. कॉम्प्युटरची रीजन सेटिंग अमेरिकेची असेल तर तो महिना आधी आणि दिवस नंतर वाचतो. तू ५ जून म्हणून ०५/०६ टाकलंस की तो ६ मे समजतो. बिल आहे त्यापेक्षा ३० दिवस जास्त जुनं दिसतं. खरं तर २० दिवसांचं बिल ५० दिवसांचं दिसतं, आणि तू भल्या पार्टीला ‘थकले’ म्हणून फोन लावतेस. १३ तारखेपासून पुढे वेगळाच प्रकार : तेरावा महिना नसतो, म्हणून ती तारीख नुसता मजकूर बनून कॉलमच्या डावीकडे चिकटते आणि वजाबाकी केली की एरर येते. एरर दिसते, ती परवडली. १ ते १२ तारखांची चूक दिसत नाही, तीच घातक. उपाय : काम सुरू करायच्या आधी रीजन ‘इंग्लिश (इंडिया)’ कर. आलेली फाइल आधीच मजकुराच्या रूपात असेल तर ‘डेटा’मध्ये ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ घेऊन तारखेचा क्रम ‘डीएमवाय’ निवड. मग कॉलम रुंद करून बघ, सगळ्या तारखा उजवीकडे गेल्या पाहिजेत.

दिवसांच्या कॉलममध्ये २० ऐवजी २० जानेवारी १९०० दिसलं तर घाबरू नकोस. उत्तर बरोबर आहे, फक्त त्या खान्याचं स्वरूप ‘डेट’ आहे, ते ‘जनरल’ कर.

पार्टीचं नाव एकदा ‘बालाजी’ आणि एकदा ‘बालाजी’च्या पुढे एक मोकळी जागा असं टाइप झालं तर पिव्होट टेबल दोन वेगळ्या पार्ट्या दाखवतं. जादा मोकळ्या जागा काढणारं ‘ट्रिम’ फंक्शन त्यासाठीच आहे. आणि दुसऱ्या यादीतून दर शोधून आणणारं ‘व्हीलुकअप’ वापरशील तेव्हा शेवटी ‘फॉल्स’ लिहायला विसरू नकोस. ते सोडलं तर एक्सेल जवळपासचा दर उचलून देतं आणि चूक झाली असं सांगतही नाही.

एवढं जमलं की दुसरा तक्ता कर, सुताचा. टॉवेल ७५ बाय १५० सेंटिमीटर, ४५० जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ४५० ग्रॅम). क्षेत्रफळ १.१२५ चौरस मीटर, वजन ५०६.२५ ग्रॅम. ऑर्डर ५०० डझन, म्हणजे ६००० नग, म्हणजे ३०३७.५ किलो. सुतात ५ टक्के घट धरायची, तर सूत किती मागवशील? बहुतेक मुलं १.०५ ने गुणतात आणि ३१८९ किलो सांगतात. पण घट ही मागवलेल्या सुतावर असते, म्हणून ०.९५ ने भागायचं : ३१९७ किलो. फरक ८ किलोचा. किलोला २५० रुपये धरले तर एका ऑर्डरमागे २००० रुपये, शिवाय शेवटचे टॉवेल सुताअभावी अडकणार ते वेगळंच. हे गणित वडिलांबरोबर बसून कर. जीएसएम, घट, पिक म्हणजे आडव्या धाग्यांची संख्या हे त्यांना तुझ्या पुस्तकापेक्षा जास्त कळतं. मापं बदलली की उत्तर आपोआप बदलेल असा तक्ता बनव. दर आणि टक्के सूत्राच्या आत लिहू नकोस, वेगळ्या खान्यात ठेव.

मेलचं सांगते. लांब इंग्रजी लिहिण्याच्या भीतीने अर्धी मुलं मेलच टाळतात. विषयाच्या ओळीत काम आणि तारीख : ‘४५ दिवसांवरील येणे, ३० जूनअखेर’. मजकूर असा : ‘नमस्कार सर, ३० जूनअखेरची यादी सोबत जोडली आहे. ४५ दिवसांच्या वर ७ पार्ट्यांकडे एकूण ४ लाख १२ हजार रुपये येणे आहे. दोन बिलांवर तारीख नाही, ती यादीत पिवळी केली आहेत. कृपया तपासून सांगावे.’ एवढंच. आकडा मजकुरातच द्यायचा, फाइल उघडायला लावायचं नाही. शंका असेल ती लपवायची नाही. फाइलचं नाव ‘न्यू वन फायनल’ नको. काम, महिना आणि वर्ष टाक. असा मेल मराठीत लिहिता आला की इंग्रजीत करायला चार वाक्यंच बदलावी लागतात.

मराठी टायपिंग युनिकोडमध्येच शिक, इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की अगम्य चिन्हं दिसतात, कारण आत रोमन अक्षरांचेच कोड असतात. त्यात शोधता येत नाही, नावं अकारविल्हे लावता येत नाहीत. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची ३० किंवा ४० शब्द वेगाची टायपिंग परीक्षा दिलीस तर सरकारी लिपिकाच्या जागांसाठीही ती कामाला येते. रोज अर्धा तास, सलग सहा महिने. एका दिवशी तीन तास बसून वेग वाढत नाही, बोटं दुखतात फक्त.

आणि तुझी तेलुगू! पत्रात ती तू अडचण असल्यासारखी लिहिलीस. सोलापूरचा माल तेलंगणात आणि कर्नाटकात जातो. पार्टीशी तिच्या भाषेत बोलून येणं वसूल करणारी मुलगी कुठल्याही ऑफिसला हवी असते. बायोडेटात भाषांच्या ओळीत ‘तेलुगू : बोलते, व्यवहार करू शकते’ असं ठळक लिही.

आता क्लास. एक्सेल, टॅली, मार्केटिंग आणि एआय असं सगळं सहा महिन्यांत म्हणजे प्रत्येकाला दीड महिना. त्यांना तीन गोष्टी विचार : दर विद्यार्थ्याला स्वतंत्र कॉम्प्युटर किती तास मिळेल, शेवटी माझ्या हातात माझी स्वतःची कुठली कामं असतील, मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतात का, हे पावतीवर लिहून द्याल का. ‘शंभर टक्के नोकरी’ हे शब्द ऐकलेस तर उठून ये. टॅली एका टप्प्यावर समोर बसून शिकावं लागेल, पण ते दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस, जीएसटीचा पेपर झाल्यावर, फक्त टॅलीपुरतं. तोवर एवढं पक्कं कर : टॉवेलचा एचएसएन (जीएसटीतला मालाच्या वर्गाचा क्रमांक) ६३०२ का, मासिक विवरणात विक्रीच्या जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि कर भरण्याच्या ३बी ची २० तारीख कशासाठी, राज्याबाहेर ५० हजारांवर आणि महाराष्ट्रात १ लाखावर माल गेला की ई-वे बिल का लागतं. हे न कळता टॅली शिकलीस तर कुठलं बटण दाबायचं तेवढंच कळेल.

एक्सेलसाठी पैसे लागत नाहीत. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’वर लिब्रेऑफिस कॅल्कचे धडे मराठीत आहेत, साधारण दहा-दहा मिनिटांचे. लिब्रेऑफिस मोफत आहे आणि सूत्रं जवळपास सारखीच. धडा बघताना शेजारी तोच तक्ता स्वतः कर. नुसता बघितलेला धडा दुसऱ्या दिवशी उरत नाही. घरी लॅपटॉप नसेल तर कॉलेजच्या लॅबसाठी अर्ज दे. प्रात्यक्षिकाचे ६० तास हा तुझा हक्क आहे, उपकार नाहीत. अर्ज लेखी, तारखेसह, पाचजणींच्या सह्यांनी दे. एकटीचा अर्ज टेबलावर पडून राहतो. मोबाइलवर सराव होतो, पण अडीचशे ओळींची यादी मोबाइलवर हाताळण्याचा हट्ट धरू नकोस.

‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन व्यासपीठावरचे कोर्सही शिकायला मोफत आहेत, परीक्षेचं शुल्क तेवढं असतं. त्यातल्या एनपीटीईएलच्या (आयआयटींच्या उपक्रमाच्या) कोर्सला स्वाध्यायाचे २५ आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे ७५ गुण असतात, आणि दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं : २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०. मुलं पहिले तीन आठवडे स्वाध्याय विसरतात आणि मग परीक्षा चांगली जाऊनही सर्टिफिकेट मिळत नाही. क्रेडिट पदवीत धरून घ्यायचे असतील तर नाव नोंदवण्याआधी कॉलेजकडून लेखी घे की हा कोर्स कुठल्या विषयाच्या जागी चालेल. कोर्स संपल्यावर विचारायला गेलीस तर ‘आमच्या यादीत नाही’ असं ऐकावं लागू शकतं. तुझं ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे क्रेडिट जमा होतात ते ऑनलाइन खातं उघडून आधारवरचं आणि मार्कशीटवरचं नाव जुळतंय का तेही बघ. आडनाव आधी की नंतर, एवढ्या फरकानेही क्रेडिट अडकतात.

एआयबद्दल थोडंच. सूत्र अडलं तर त्याला जरूर विचार, पण उत्तर पाच ओळींच्या छोट्या यादीवर हाताने पडताळ. पार्टीची नावं आणि रकमा त्यात टाकू नकोस, त्या मालकाच्या आहेत.

तिसऱ्या वर्षात ऑन जॉब ट्रेनिंग येईल, ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. इथं बहुतेकजण ओळखीच्या दुकानाचा शिक्का आणतात आणि १२० तास कागदावर पूर्ण होतात. तू ती जागा आत्तापासून धर. त्याच टॉवेलवाल्यांकडे जा. ते ‘शिकून या’ म्हणाले होते, ‘येऊ नका’ म्हणाले नव्हते. दोन महिन्यांनी हे दोन तक्ते बनावट नावं घालून छापून ने आणि सांग, ‘तुम्ही दिलेलं काम आता येतं. पगार नको, शनिवारी दुपारी येऊन शिकू का?’ ऑफिसातलं वातावरण बघ, घरी सांगून जा, वेळ ठरवून घे. एक वही ठेव : तारीख, काय काम केलं, कुठं चुकलं, कुणी दुरुस्त केलं. तिसऱ्या वर्षी अहवाल लिहायला ही वही पुरेल, आणि तो अहवाल कुणाचा उतरवलेला वाटणार नाही.

अभ्यासक्रम बदलता येतो का, हेही तुझ्या पत्रात दडलेलं आहे. येतो, पण हळू. आपलं सोलापूर विद्यापीठ २००४ साली एका जिल्ह्यासाठी वेगळं झालं. इथल्या सूतगिरण्या, साखर कारखाने, डाळिंब, कांद्याचं मार्केट यार्ड यांना धरून कोर्स आखायला त्यामुळे मोकळीक आहे. विषयाचं अभ्यास मंडळ मसुदा करतं, विद्या परिषद मान्यता देते. तुझ्या कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते आणि तिच्यावर विद्यार्थी परिषदेचे प्रतिनिधीही असतात. त्यांच्याकडून एकच मागणी लावून धरा : स्किल कोर्सची परीक्षा लेखी न घेता लॅबमध्ये, फाइल देऊन घ्यावी. आणि वर्षाखेरीस अभिप्रायाचा फॉर्म येतो ना, त्यात सगळीकडे ‘उत्तम’वर खूण करून देऊ नका. प्रात्यक्षिकाचे ६० पैकी किती तास झाले तो आकडा लिहा. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात हे अभिप्राय पाहिले जातात.

या आठवड्यात तीन कामं कर. अभ्यासक्रमाची शेवटची पानं वाचून इलेक्टिव्ह ठरव. लॅबचा अर्ज दे. आणि वडिलांना विचारून एका खऱ्या ऑर्डरची मापं वहीत उतरवून घे. पहिला तक्ता अडला तर कुठल्या पायरीवर अडला तेवढं लिहून कळव.